भुयारातलं पीक तापलं ती दुपार

आदल्या उन्हाळ्यात बाबांना वावरातच ऊन लागलं आणि ते मरता मरता वाचले. डॉक्टरांनी बजावलं, आता दुपारचा उंबरठा ओलांडायचा नाही. पण धसकटं वेचायच्या दिवसांत माझे बाबा घरी बसतात होय! म्हणून मी त्यांना माझ्या लॅपटॉपवरच्या गेममध्ये अडकवलं. जमिनीखाली भुयार, त्यात तीन माणसं. त्यांच्यासाठी पाणी खेळवायचं, पीक घ्यायचं, उष्णता आवरायची. माउस माझ्या हातात, हुकूम बाबांचे. चुकलं तरी जुना सेव उघडून खेळ मागं न्यायचा नाही, हेही त्यांचंच फर्मान. "वावरात कुठं मागं जाता येते वो?"

त्या दुपारी बाहेर कुत्रंही दिसत नव्हतं. भुयारात यंत्रांच्या खोलीतली धग शेजारच्या पिकाकडे सरकत होती. मी दोन्ही खोल्यांमधलं दार लावलं आणि पिकाच्या खोलीतून थंड पाण्याचा पाइप फिरवला. तापमान जरा उतरू लागलं तेवढ्यात बाबा ओरडले, "दार काहून बंद ठेवलं? कूलर चालू अन् खिडकी बंद, मंग हवा जाईन कुठून? उबून मरतीन ना ते!"

आमच्याकडे हे शेंबडं पोरगंही सांगेल. कूलर लावला की समोरची खिडकी उघडायची, नाहीतर नुसता दमटपणा. मलाही पटलं. मोठ्या शहाणपणानं मी दार उघडलं.

अरे बाप्पा! यंत्रांची सगळी धग आत. पाइपातलं पाणीसुद्धा तापलं. मी घाईघाईनं दार लावलं, पण पिकांनी माना टाकल्या होत्या आणि कोठारात दाणा नव्हता. आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. भुयारातला एक माणूस उपाशीपोटी कोसळला, तो उठलाच नाही.

बाबा मात्र उठले. डोक्याला दुपट्टा बांधू लागले.

"कुठं निघाले?"

"वावरात. इथं काय राह्यलं आता?"

माझं डोकंच फिरलं. "जा! तुमच्या अंगावर बर्फ चोळून चोळून माझे हात बधिर झालते. डॉक्टर म्हणे, काही सांगता येत नाही. आता मी नाही चोळणार, समजलं? जा!" तोंडानं 'जा' म्हणत होते आणि दारात आडवी उभी होते. राग येत होता, रडूही आवरत नव्हतं.

बाबा तिथंच खाटेवर टेकले.

"त्या दिवशी मले समजलंच नाही वो. तहान बी नाही लागली. वाटलं, एवढी ओळ वेचली का जातो सावलीत." मग म्हणाले, "लय भेव वाटते मले आता उन्हाचं. पण कास्तकारानं उन्हाले भ्यावं? लोकं काय म्हणतीन? म्हणून जाऊन राह्यलतो."

बाबांना कशाचं भेव वाटतं, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी पुढं होऊन त्यांच्या डोक्याचा दुपट्टा सोडला. त्यांनी सोडू दिला.