राज्य घरातच राहावं म्हणून

इगतपुरीला पस्तीस वर्षं रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला म्हणून काढलेले कोंडाजी जुंद्रे आता नाशिकला मुलाकडे राहतात. आबा बोलतील तेच खरं, असा त्यांचा हेका. मामाचीच पोरगी करायची, हा घरचा रिवाज त्यांनी स्वतः पाळला आणि मुलाकडूनही पाळून घेतला. आता लेक उज्वला आपल्या मुलासाठी, रोहितसाठी, भावाच्या आरोहीला मागत होती, आणि आबांनी शब्दही देऊन टाकला होता.

आरोहीनं त्यांना संगणकावरचा राजघराण्याचा खेळ शिकवला. राजपुत्रांची लग्नं लावताना आबांनी तिथंही तोच रिवाज लावला. राज्य घरातच राहिलं पाहिजे! चौथ्या पिढीला राजपुत्र जन्मला तो रोगट.

“लबाड हाय तुझा खेळ,” आबा कडाडले. “आई धडधाकट, बाप धडधाकट, अन् पोर असं?”

“आबा, दोष रक्तात लपून असतो,” आरोही म्हणाली. “एकाच बाजूनं आला तर कळतही नाही. दोन्हीकडून तोच आला की पोरात वर येतो. म्हणून सून लांबची बघायची.”

कानातलं यंत्र काढून ती त्याचा सेल बदलू लागली. जन्मापासून तिला यंत्राशिवाय ऐकू येत नव्हतं. आई-बापाचे कान मात्र चांगले तिखट.

आबा तिच्याकडे बघत राहिले.

“म्हंजे हे आमच्यामुळं?” त्यांनी हळूच विचारलं.

तिला ऐकू गेलं नाही. आबांनी फोन लावला.

“उज्वले, रोहितला पोरगी बाहेरची बघ.”

“पण आबा, झालं काय?”

“हरलो मी.”