अबुसताईची सणाची रजा

अबुस हे तिच्या आजीचं नाव. डोंगरात राहणाऱ्या बुनुन या आदिवासी जमातीत थोरल्या नातीला आजीचं नाव मिळतं, तसं ते तिला मिळालं. शाळेच्या दाखल्यावर मात्र छिउ मेइ-लान असं चिनी नाव चढलं, आणि पंधराव्या वर्षी नर्सिंग शिकायला ती डोंगर उतरून ताइचुंग शहरात आली तेव्हा हजेरीत तेच पुकारलं जाई. पुकारलं की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणे, “वाढीव मार्कवाली आली.” आदिवासी मुलांना प्रवेशाच्या वेळी जादा गुण मिळत, त्यावरून हा टोमणा. अबुसनं पाच वर्षं त्याला उत्तर दिलं नाही. खाली मान घालून शिकली, पास झाली आणि नऊ वर्षं इस्पितळात काढली.

मग शहराच्या कडेला असलेल्या एका खाजगी विद्यापीठात आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्र निघालं आणि तिथं माणूस हवा असल्याचं तिला कळलं. पगार इस्पितळापेक्षा कमी, करार वर्षाचा. नवरा तियांग माती उपसायचं यंत्र चालवायचा. तो म्हणाला, “जा. तुझ्या तोंडाला पाच वर्षांचं कुलूप आहे. ते एकदा उघडू दे, नाहीतर घरात माझ्यावर उघडेल.”

ते उघडलं ते उघडलंच. केंद्र म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि दोन खुर्च्या. एका खुर्चीवर अबुस, दुसरीवर दरवर्षी नवं माणूस, कारण वर्षाच्या करारावर कोण टिकणार? मुलं तीनशेच्या वर, दहा जमातींची. कुणाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असे, कुणाला घरमालक आडनाव बघून खोली नाकारत असे, कुणी नुसतंच येऊन सोफ्यावर झोपे. आणि विद्यापीठाची कुठलीही बैठक असली की अबुसचा हात वर. सुट्टीत वसतिगृह बंद केलंत, तर ज्यांचं गाव सात तासांवर आहे ती मुलं कुठं जाणार? अर्जात नावाला चार चिनी अक्षरांपुरत्याच चौकटी ठेवल्यात, आमच्या पोरांची नावं त्यात मावत नाहीत, त्यांनी काय अर्धं नाव लिहायचं? तिचं म्हणणं खरं असे. पण पाच-सहा वर्षांनी असं झालं की ती उठली की टेबलाभोवतीची माणसं चहाच्या पेल्यात बघू लागत. अधिष्ठाता उसासा टाकून म्हणत, “बोला, छिउबाई.”

अकराव्या वर्षी लांगुईचं प्रकरण झालं. लांगुई नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला, अबुसच्याच खोऱ्यातली. एप्रिलअखेर बुनुन गावांत हरणाच्या कानांवर नेम धरायचा सण असतो, त्याला गाव सोडून गेलेलं प्रत्येक माणूस परत येतं. लांगुईनं रजेचा अर्ज टाकला, केंद्राचा शिक्का घेतला आणि दोन दिवस गेली. परत आली तर इस्पितळातल्या प्रात्यक्षिकात नापास. प्रात्यक्षिकाच्या प्रमुख लाई मॅडम होत्या, पंचावन्नच्या, ताठ, गणवेशाची इस्त्री कधी न मोडलेल्या.

अबुस तडक त्यांच्या खोलीत गेली.

“मॅडम, रजा मंजूर होती.”

“विद्यापीठाची होती. इस्पितळाची नव्हती. तिच्या वाटचे पेशंट कुणी बघायचे?”

“सण आहे मॅडम तो. सहल नाही.”

“माझ्याकडे चाळीस मुली आहेत, छिउबाई. प्रत्येकीकडे काहीतरी असतंच.”

अबुसनं मग थेट अधिष्ठात्यांना पत्र लिहिलं, वर शिक्षण खात्यालाही प्रत पाठवली. पंधरा दिवसांत निकाल फिरला आणि लांगुई पास झाली. पण त्यानंतर लाई मॅडम जिन्यात भेटल्या तरी भिंतीकडे बघून जात. लांगुई एकदा केंद्रात येऊन बसली. म्हणाली, “ताई, रागावू नका. तुम्ही माझ्यासाठीच केलंत. पण आता वॉर्डात माझ्याशी कुणी जेवायला बसत नाही. पुढच्या वेळी मला आधी विचाराल का?”

अबुस हो म्हणाली. पण लांगुईचं ते वाक्य तिच्या छातीत कुसळासारखं रुतून बसलं. पंधराव्या वर्षी आपण एकटीनं जेवत होतो ते तिला आठवलं, आणि आता पोरीला त्याच जागी आपणच बसवलं असं वाटलं.

जूनमध्ये तिच्या कमरेवर पुरळ उठलं. दोन-तीन दिवसांत ते पट्ट्यासारखं पाठीपर्यंत गेलं. नागीण झाली होती. नर्स असून तिनं ते चार दिवस अंगावर काढलं. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे अंथरूण. अबुस म्हणाली, परीक्षा तोंडावर आहेत. तियांगनं तिचा फोन काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात दाराशी त्सेंगबाई उभ्या. त्सेंगबाई विद्यापीठाच्या नोंदणी विभागात गेली तीस वर्षं. अबुसच्या लेखी ती बाई म्हणजे अर्ज परत पाठवणारं यंत्र होतं. शिक्का तिरका लागला तरी परत. त्या पेरूंची पिशवी घेऊन आल्या, बूट काढले, पलंगापाशी स्टूल ओढून बसल्या.

“तुझ्या शेजारच्या खुर्चीवरची ती नवी पोरगी आहे ना, यी-रू,” त्या म्हणाल्या. “रोज माझ्या खिडकीशी येऊन रडवेली उभी राहते. कुठल्या जमातीचा सण कधी, कुठल्या मुलाचं काय चाललंय, कुणाच्या घरी कुणाला फोन करायचा, तिला काही माहीत नाही. कुठं लिहिलेलं आहे?”

अबुसनं डोक्याकडे बोट दाखवलं.

“वाटलंच. आणि ते डोकं उशीवर पडलंय.” त्सेंगबाईंनी सुरीनं पेरू चिरायला घेतला. “एक विचारू? अकरा वर्षांत तू माझ्याकडे किती वेळा आलीस?”

“शेकड्यांनी.”

“आणि त्यातल्या भांडायच्या सोडून किती वेळा?”

अबुसनं चादर गळ्यापर्यंत ओढली.

“मी कागद परत पाठवते कारण चुकीचा कागद वर गेला तर तिथं तो मरतो. माझ्या हातून परत आला तर जगतो. हे कधी विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तुला वाटलं, या इमारतीत न्यायाची चाड तुला एकटीलाच.”

हे लागलं. अबुसनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्सेंगबाईंनी पेरूची फोड पुढे केली ती तशीच धरून ठेवली, हात अवघडेपर्यंत. शेवटी अबुसनं ती घेतली.

त्या दुपारी दोघींनी मिळून बशीखालच्या कागदावर लिहायला सुरुवात केली. आधी दहा जमातींचे सण, गावागणिक तारखा, त्या तारखा जे ठरवतात त्यांचे फोन. दुसऱ्या दिवशी त्सेंगबाई वही घेऊन आल्या आणि यी-रूलाही घेऊन आल्या. त्सेंगबाई म्हणाल्या, रजा सणाच्या आठवड्यात मागितली की ती उपकार होते. सत्राच्या सुरुवातीलाच वेळापत्रकात तारखा शिरल्या तर त्या सोमवारसारख्या होतात, कुणी वाद घालत नाही.

“पण प्रात्यक्षिकाचं वेळापत्रक लाई मॅडम करतात,” यी-रू म्हणाली.

“मग त्यांना विचारायला लागेल,” त्सेंगबाई म्हणाल्या, आणि अबुसकडे बघितलं. “मी विचारते. तू झोप.”

लाई मॅडमनी हो म्हटलं ते सहज नव्हे. त्या म्हणाल्या, प्रात्यक्षिकाचे तास कायद्यानं ठरलेले आहेत, एक तास कमी पडला तर मुलीला परवान्याच्या परीक्षेलाच बसता येत नाही, आणि मग दोष माझ्यावर येतो. पण मुलींचे गट फिरते असतात. कुठला गट कुठल्या आठवड्यात मोकळा ठेवायचा हे फेब्रुवारीत कळलं, तर मला काय अडचण आहे? मला हे आजवर कुणी विचारलंच नाही. मला थेट अधिष्ठात्यांचं पत्रच आलं.

हे सगळं त्सेंगबाईंनी जसंच्या तसं येऊन सांगितलं, शेवटचं वाक्यसुद्धा.

पण सगळंच सावरलं असं नाही. त्या तीन आठवड्यांत सावी नावाची पहिल्या वर्षाची मुलगी परीक्षेला न बसता गावी निघून गेली. अबुस बरी झाल्यावर तियांगच्या गाडीतून तिच्या गावी गेली. सावी मावशीबरोबर टोमॅटो तोडत होती. तिनं अबुसला ओळीच्या टोकाला उन्हात बसायला पालथा क्रेट दिला.

“कुणी काही बोललं का तुला?” अबुसनं विचारलं.

“नाही ताई. कुणीच काही बोललं नाही. सहा महिने.” सावीनं टोपली उचलली. “पुढच्या वर्षी बघते.”

ती पुढच्या वर्षी आली नाही. त्या दिवशी परतीच्या वाटेवर अबुस रडली. मी असते तर, असं ती म्हणू लागली तेव्हा तियांग म्हणाला, “तू असतीस तर कदाचित थांबली असती. कदाचित नसती. पण तीनशे पोरांना मिळून तू एकच असशील, तर दर वर्षी एखादी सावी जाणारच.”

सप्टेंबरपासून गुरुवारच्या जेवणाची सुरुवात झाली. कुणी ठराव केला नाही. त्सेंगबाई आपला डबा घेऊन केंद्रात आल्या, पुढच्या गुरुवारी वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना घेऊन आल्या. व्यायामशाळेचे एक शिक्षक आले ते आधी सोफ्यासाठी आले. टेबलावर प्रत्येकानं आठवड्यात पाहिलेली एखादी गोष्ट सांगायची: कुठली मुलगी दोन दिवस जेवायला उतरली नाही, कुठल्या मास्तरानं वर्गात काय शेरा मारला. मग कुणाचं त्या मास्तराशी बरं आहे, ते बघून त्यानं बोलायचं. अबुसला हे फार कठीण गेलं. मास्तराचं नाव ऐकलं की ती उठून निघे, आणि रेक्टरबाई तिचा दंड धरून खाली बसवत. “बस गं. तो माझ्या नवऱ्याबरोबर मासे धरायला जातो. माझ्यावर सोड.” कधी ते बोलणं उपयोगी पडे, कधी मास्तर हसून सोडून देई. तेव्हा अबुसच जाई, आणि तेव्हा मात्र तिला कुणी धरत नसे.

नोव्हेंबरात आपल्या रजा मोजताना एक गोष्ट त्सेंगबाईंच्या ध्यानात आली. त्यांनी कर्मचारी विभागातल्या मैत्रिणीकडून खातरजमा केली आणि गुरुवारी सगळ्यांसमोर विचारलं, “अबुस, सणाची रजा तुलाही कायद्यानं आहे ना?”

“आहे.”

“किती वेळा घेतलीस?”

यी-रूनं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. अबुस कोबी चावत राहिली. मग म्हणाली, “त्या आठवड्यात पोरांच्या अर्जांची गर्दी असते.”

“म्हणजे अकरा वर्षांत एकदाही नाही.”

“आई दर वर्षी विचारते,” अबुस म्हणाली. आई आता एक्क्याऐंशीची होती.

फेब्रुवारीत यी-रूनं पुन्हा करारावर सही केली. केंद्रातल्या त्या दुसऱ्या खुर्चीवर सलग दोन वर्षं तेच माणूस बसल्याची ही पहिलीच वेळ. एप्रिलमध्ये अबुस गावी गेली. बायकांच्या रांगेत आईच्या शेजारी उभी राहिली आणि गाताना खालचा सूर तिला लागेना, इतक्या वर्षांत गळा विसरला होता. आईनं कोपरानं ढोसलं, “मोठ्यानं नको गं. आधी शेजारणीचं ऐक.” लांगुईही आली होती, तिचा गट त्या आठवड्यात मोकळा होता. तिनं मोबाईलवर अबुसचं गाणं टिपलं आणि रेक्टरबाईंना पाठवून दिलं.

जूनच्या बैठकीत पुढच्या सत्राचं वेळापत्रक निघालं. अबुसचा हात सवयीनं वर जायला लागला, तेवढ्यात समोरून लाई मॅडम म्हणाल्या, “ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पाइवान जमातीच्या मुलांचा सुगीचा सण आहे. नव्या मुलांची प्रवेशाची हजेरी तेव्हा ठेवू नका.” अधिष्ठात्यांनी मान वर केली. लाई मॅडमनी आठवडा चुकीचा सांगितला होता, काही गावांचा सण त्याआधीच उरकतो. अबुसच्या जिभेवर दुरुस्ती आली. तिनं पेला उचलला आणि चहाचा घोट घेतला. दुरुस्ती यी-रूनं केली, वहीत बघून, आणि लाई मॅडमनी ती आपल्या कागदावर लिहून घेतली.