खाटांच्या घरातल्या मणिबेन

मणिबेन गेल्याचं मला धुळ्याहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं. शाळा सुटल्यावर शहाद्याला जायचं म्हणून मी प्रकाशा गावाच्या थांब्यावर उभी होते. गाडी थांबली, तो खाली उतरला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, "बाई, मणिबेन गयात. आज सकायमा." मी गाडीत चढले नाही. तशीच मागे वळून घाटाकडे चालू लागले, कारण तिथं ज्यांना हे कळायला हवं होतं त्यांना अजून कुणी सांगितलं नसणार, हे मला ठाऊक होतं. खरंच कुणी सांगितलं नव्हतं. खाटांवरची माणसं मला पाहून नेहमीसारखी हसली. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "मणिबेन कवय येतीन?" मी तिच्या खाटेवर बसले आणि मग सांगितलं.

आज महिना उलटून गेला आहे. आता थोडं लिहिता येईल असं वाटतं.

तापीच्या घाटाजवळ यात्रेकरूंसाठी बांधलेली एक धर्मशाळा आहे. मी शिक्षिका म्हणून प्रकाशाला आले त्याच सुमारास एका निवृत्त डॉक्टरांनी तिच्यातल्या दोन खोल्या मागून घेतल्या आणि तिथं खाटा टाकल्या. मोठ्या दवाखान्यांनी "आता घरी न्या" म्हणून परत पाठवलेली माणसं तिथं येत. कुणाला घर नसे, कुणाचं घर डोंगरात इतकं लांब असे की वाटेतच काही व्हायचं. दुखणं कमी करण्याचं औषध, स्वच्छ अंथरूण आणि जवळ बसणारं माणूस, एवढंच डॉक्टर देऊ करत. दारावरच्या पाटीवर भारदस्त नाव होतं, पण लोक त्याला 'खाटांचं घर' म्हणत, आणि म्हणताना आवाज खाली आणत. मी संध्याकाळी तिथं वर्तमानपत्र वाचून दाखवायला जात असे. मणिबेनना मी पहिल्यांदा पाहिलं ते तिथंच, दारात बैलगाडीला टेकून उभ्या, आणि अतिशय रागावलेल्या.

त्या तापीकाठच्या एका गुजर पाटलाच्या घरच्या. केळीच्या बागा, कापूस, ऊस, कशाचीच कमी नव्हती. पतीच्या घशात गाठ झाली होती आणि आवाज जवळपास गेला होता. नातवंडांनी आपल्याला असं पाहू नये म्हणून त्यांनी स्वतःच इथं यायचा हट्ट धरला. बाईंना ते अपमानासारखं वाटत होतं. "घर भरेल शे मन्हं," त्या मला म्हणाल्या, जणू मीच त्यांच्या नवऱ्याला पळवून आणलं होतं, "तरी मानूस आठे आना. लोके काय म्हनतीन?" पहिले काही दिवस त्या आत फारशा आल्याच नाहीत. ओट्यावर बसून राहायच्या, घरून आलेलं जेवण आत पाठवायच्या. मग एकदा डॉक्टरांनी त्यांना पतीचं डोकं कसं उचलून धरायचं म्हणजे घोट गिळता येतो ते दाखवलं, आणि त्यानंतर त्यांनी ते काम कुणाला करू दिलं नाही. पाटील गेले तेव्हा त्यांचं डोकं मणिबेनच्या मांडीवर होतं. बाई रडल्या नाहीत. डॉक्टरांना म्हणाल्या, "घर ऱ्हाता तर इतलं जवय बसू दिधं नसतं कोनी." भरल्या घरात, दिरा-पुतण्यांच्या देखत, एखाद्या बाईला नवऱ्याजवळ असं बसता आलं नसतं, हे त्या सांगत होत्या. तेव्हा मला ते नीट कळलं नाही.

पंधरवडा झाल्यावर त्या पतीची गोधडी न्यायला आल्या. शेजारच्या खाटेवर नवापूरकडच्या डोंगरातली, कोकणी जमातीची एक आदिवासी बाई होती, तिच्याबरोबर कुणीच आलेलं नव्हतं. तिची भाषा मणिबेनना येत नव्हती, यांची तिला नाही. ती बाई थंडीनं कुडकुडत होती. मणिबेननी गोधडी तिच्या अंगावर घातली, शेजारी बसल्या, आणि त्या दिवशी घरी गेल्या नाहीत. पुढं तर त्यांचं ठरूनच गेलं. गाडी जुंपायची आणि यायचं. घरात वादळ झालं. पाटलांच्या घरातली बाई कुणाकुणाची तोंडं पुसते, कुणाकुणाला भरवते, म्हणून दिरानं बोलणं टाकलं. मणिबेननी त्याची समजूत घालायचा प्रयत्नही केला नाही. स्वभावानं त्या गोड वगैरे नव्हत्या. चहा पातळ झाला तर करणाऱ्याचं काही खरं नसे. रोग्यांनाही त्या रागावत, आणि रोग्यांना ते आवडे. इतर सगळे त्यांच्याशी, ते आधीच मेले असल्यासारखं, हळू बोलायचे ना...

खाटांच्या घराला सरकारी समितीकडून मिळणारं अनुदान बंद होणार अशी बातमी आली ती राज्य नवं होऊन कारभाराची घडी बदलत होती त्या काळात. तपासणीला एक तरुण अधिकारी आले होते. वाईट माणूस नव्हता. त्यांनी सगळं पाहिलं आणि विचारलं, "इथून बरे होऊन किती जण गेले?" कोपऱ्यात कुणाचे तरी पाय पुसत बसलेल्या मणिबेन म्हणाल्या, "साहेब, आठे बरं व्हवाले कोनी येत नही. पन आठे एकलं कोनी मरत नही." अधिकाऱ्यांनी मान हलवली. काही दिवसांनी कळलं ते असं, की जिथं रोगी बरा होत नाही अशा ठिकाणी खर्च करणं समितीला योग्य वाटत नाही, दिवाळीनंतर अनुदान मिळणार नाही, रोग्यांना मोठ्या दवाखान्यात हलवावं. म्हणजे जिथून त्यांना परत पाठवलं होतं तिथंच.

गाव पेटून उठलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. गावातल्या पुष्कळांना ते घर अशुभच वाटत होतं. घाटावर येणाऱ्या यात्रेकरूंना दारातून अंथरुणावरची माणसं दिसतात, बंद झालं तर बरंच, असं लोक उघड बोलत. बंद करण्याआधी समितीचे अध्यक्ष एकदा पाहायला येणार होते, पण डॉक्टर खचले होते. मणिबेननी मात्र गाडी जुंपली. ज्या ज्या घरचं माणूस इथं गेलं होतं, त्या त्या घरी त्या गेल्या. काही फेऱ्यांना मी बरोबर होते. बहुतेक ठिकाणी आम्हाला पाहून चेहरे पडायचे. आपलं माणूस तिथं ठेवलं होतं हे शेजारी आत्ताशी कुठं विसरत आले होते. नंदुरबारच्या मिरचीच्या एका व्यापाऱ्यानं आम्हाला बाहेरच्या बाहेर वर्गणी देऊ केली. त्याचा धाकटा भाऊ क्षयानं इथं गेला होता. मणिबेननी हात मागे घेतला. "माले पैसा नको, शेठ. समितीना साहेब येतीन त्या दिनले तुम्ही या. भाऊनं नाव ल्या आनि बठा." त्यानं आम्हाला आत बोलावून पाणी दिलं. परतताना मी म्हटलं, हा काही यायचा नाही. मणिबेन म्हणाल्या, "येई. भाऊनं नाव काढं तवय त्यानी आपलाले घरमा बलावं."

समितीचे अध्यक्ष आले त्या दिवशी धर्मशाळेच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. विसरवाडीहून ट्रकनं ख्रिस्ती कुटुंबं आली होती, डोंगरातून माणसं चालत आली होती. मिरचीचा व्यापारी आईला घेऊन आला होता. घोषणा नव्हत्या, फलक नव्हते. माणसं नुसती बसून होती. अध्यक्षांनी विचारलं, तुमचं म्हणणं काय? तेव्हा डोंगराकडचा एक म्हातारा उठला आणि अडखळत मराठीत म्हणाला, "माझी बहीण इथं मेली. मला माहीत नव्हतं. नंतर कळलं. ह्या बाईनं तिच्यावर गोधडी घातली." एवढं बोलून तो खाली बसला. त्याच्यानंतर एकेक माणूस उठत गेलं आणि आपल्या माणसाचं नाव सांगत गेलं. शेवटी सगळ्यांच्या मागून एक आवाज आला, आणि वळून पाहिलं तर मणिबेनचा दीर उभा होता. त्यानं आपल्या थोरल्या भावाचं नाव घेतलं. मणिबेनच्या डोळ्यांत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाणी पाहिलं.

अनुदान पूर्ण वाचलं नाही. औषधांपुरतं चालू राहिलं, परिचारिकेची जागा गेली, एक खोली बंद करावी लागली. गावोगावच्या बायका पाळीनं येऊ लागल्या, धान्य येऊ लागलं. जे लोक बंद झालं तर बरं म्हणत होते, त्यांच्याच घरून सणाला पुरणपोळ्या आल्या. पण जागा नाही म्हणून दारातून परत पाठवलेले रोगीही मला आठवतात. मणिबेनना तर ते सगळे नावानिशी आठवत.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या पोटात गाठ निघाली. मुलगा रमण शिकलेला, आईवर जीव टाकणारा. त्यानं सुरत केली, मुंबई केली, शेवटी धुळ्याला ठेवलं. मी भेटायला गेले तेव्हा त्या चादरीएवढ्याच उरल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, माले प्रकाशाले ली चाला." बाहेर येऊन मी रमणला सांगितलं. तो चिडला नाही. हात जोडून म्हणाला, "बाई, तिथं नेलं म्हणजे मीच तिला संपलं म्हटल्यासारखं होईल. मला ते जमणार नाही." मी पुन्हा बोलले, दुसऱ्या दिवशीही बोलले. त्याला जमलं नाही. जिनं कुणाला एकटं जाऊ दिलं नाही ती बाई पहाटे, रमण खाली चहा आणायला गेला असताना गेली...

मागच्या आठवड्यात रमण खाटांच्या घरी आला. मला वाटलं, आईचं काही सामान न्यायला आला असेल. तो दारातच उभा राहिला. आई कुठं बसायची, त्यानं विचारलं. मी म्हटलं, जिथं गरज असेल तिथं. खिडकीजवळच्या खाटेवर परवाच आलेला सारंगखेड्याकडचा एक म्हातारा होता, छाती भात्यासारखी हलत होती. रमण त्याच्याजवळ गेला.

"काय करायचं असतं, बाई?" त्यानं हळूच विचारलं.

"काही नाही. बसायचं."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. "कोन शे तू?"

रमणनं गावाचं नाव सांगितलं. मग थांबून म्हणाला, "मणिबेनना पोऱ्या."

म्हाताऱ्यानं मोठ्या कष्टानं आपले दोन्ही पाय भिंतीकडे सरकवले आणि खाटेवर त्याच्यासाठी जागा केली.