गुलनार कपडे घ्यायला जाते

कूलर दुरुस्त करणारी बाई म्हटलं की इराणातल्या आमच्या शिराजमध्ये एकच नाव पुढे येतं, गुलनार. दुसरी कुणी नाहीच. नौरोजच्या नव्या वर्षाची पाहुणेमंडळी पांगली आणि ऊन चढायला लागलं की गावातल्या सगळ्या गच्च्यांवरचे कूलर ठरवल्यासारखे एकदम कुरकुरायला लागतात. नवरा कामावर गेलेला असताना परक्या पुरुषाला गच्चीवर चढवायचं कसं, म्हणून बायका गुलनारला फोन करतात. ती खांद्यावर शिडी टाकून येते, ताट्या बदलते, पट्टा ताणते, पंपातला गाळ काढते आणि उतरताना सासूकडून सुनेची अन् सुनेकडून सासूची कागाळी ऐकत चहा पिऊन जाते. उंची दांडगी, आवाज जाड, हसणं त्याहून मोठं. चौथ्या मजल्याच्या कठड्यावर उभी राहून ती एकटी मोटर उचलते, तेव्हा खालची माणसं श्वास रोखून बघतात. आणि ही बाई कपड्यांच्या दुकानाला भ्यायची. काचेपलीकडच्या पुतळ्याच्या अंगावर नवा ड्रेस दिसला की ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची.

त्याला कारण होतं. गुलनार जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलगा झाला म्हणून मिठाई वाटली होती आणि नावही मुलाचंच ठेवलं होतं. तिशी उलटेपर्यंत ती त्याच नावाने वावरली. कूलरचं कामही तेव्हाचंच, बापाच्या हाताखाली शिकलेलं. त्या दिवसांत एकदा ती धीर करून बायकांच्या दुकानात शिरली. दुकानदाराने विचारलं, बायकोसाठी का? हिच्या तोंडून हो निघून गेलं. झालं, त्या दिवसापासून तिला बायको आली. दुकानदार बोलका होता. त्याने बायकोची उंची विचारली, खांदे विचारले, कंबर विचारली. गुलनारने स्वतःची मापं सांगितली, तेव्हा तो म्हणाला, माशाल्ला, पहिलवानांच्या घराण्यातली दिसते. पुढच्या खेपेला त्याने बायकोची तब्येत विचारली. त्याच्या पुढच्या खेपेला मुलंबाळं विचारली. गुलनारने दोन मुलं सांगून टाकली, मग त्यांची नावं आली, मग धाकट्याचे दात आले. शेवटी एकदा तो म्हणाला की वहिनींना घेऊन घरी जेवायलाच या, माझी बायको वाट बघतेय. गुलनारने तो बाजारच सोडला. अजूनही तिकडे काम निघालं तर ती लांबून वळसा घालून जाते.

पुढे डॉक्टर झाले, कचेऱ्या झाल्या, नवी कागदपत्रं हातात आली. गल्लीने महिनाभर नाकं मुरडली आणि पहिला उन्हाळा सुरू होताच मुकाट्याने फोन करायला सुरुवात केली. सगळं जागेवर बसलं, फक्त कपड्यांचं घोडं अडलेलंच राहिलं. एकदोनदा ती दुकानात गेली. कुणी वाकडं बोललं नाही. विकणाऱ्या पोरीने फक्त वरून खाली पाहिलं, मग दुसऱ्या पोरीकडे पाहिलं, आणि गुलनार मोज्यांचा एक जोड घेऊन बाहेर पडली. तिच्याकडे मोजे खूप झाले होते. बाकी सगळं थोरल्या बहिणीचं, तूबाचं. तूबा बुटकी आणि गोल. तिच्या कोटाच्या बाह्या गुलनारच्या कोपराखाली जेमतेम पोचायच्या आणि तिथेच दमायच्या. आपण एवढ्याशा गोष्टीला घाबरतो याची गुलनारला फार लाज वाटायची, भीतीपेक्षाही जास्त.

अशात तूबाच्या मुलीचं, यलदाचं, लग्न ठरलं. यलदावर गुलनारचा जीव. मामा म्हणायचं सोडून घरात पहिल्यांदा ‘खाला’ म्हणाली ती हीच पोरगी, तेही कुणी न सांगता, भात वाढता वाढता. लग्नात बायकांचा दिवाणखाना वेगळा, आणि गुलनार त्या बाजूला पहिल्यांदाच बसणार होती, नवरीची मावशी म्हणून. दोन्हीकडच्या झाडून सगळ्या बायका असणार, आणि नवरीच्या मावशीला त्या नखशिखांत न्याहाळणार. गुलनारने मनातल्या मनात एक निमित्त तयार करून ठेवलं होतं. त्याच दिवशी कुणाचा तरी कूलर बंद पडणार होता.

यलदाने ते तिच्या चेहऱ्यावरून वाचलं. म्हणाली, "कूलर बंद पडला तर पडू दे, लोक घामाने मरत नाहीत. आणि आईचा जुना ड्रेस घालून आलीस तर मी स्वतः दारातून परत पाठवीन. तुझ्या मापाचा, तुझ्या पसंतीचा, तू जाऊन घेतलेला पाहिजे."

दुकानाचं नाव काढल्यावर खालाचा चेहरा उतरतो हे तिला माहीत होतं, म्हणून तिने अशरफ खानमचं घर सुचवलं. अशरफ खानम तुर्कस्तानातून गाठोडी भरून कपडे आणते आणि घरच्या बैठकीत विकते. पाटी नाही, काउंटर नाही, पुरुषाला उंबऱ्याच्या आत मज्जाव. बायका येतात, स्कार्फ काढून कोपऱ्यात टाकतात, सूर्यफुलाच्या बिया सोलत बसतात आणि एकमेकींदेखत कपडे घालून बघतात. यलदाला वाटलं, खालाला हे सोपं जाईल. गुलनारला ते दुकानापेक्षा भयंकर वाटलं. दुकानात निदान पडदा असतो. आणि तिथल्या बायका डोकं उघडं टाकून बसतात ते आत पुरुष नाही म्हणून. हिला बघून एकीने जरी स्कार्फ ओढला, तरी तो निकालच.

"आणि ओढलाच कुणी तर?" तिने विचारलं.

"तर तिला थंडी वाजत असेल," यलदा म्हणाली. "मी असेन ना बरोबर."

ठरल्या दिवशी यलदा पार्लरमध्ये अडकली. भुवया अर्ध्या झाल्यात, तू पुढे हो, असा तिचा फोन आला तेव्हा गुलनार अशरफ खानमच्या जिन्यातच होती. दार उघडं होतं. बाहेर चपलांचा ढीग, आतून हसण्याचा कल्लोळ. परत फिरावं असं तिला मनापासून वाटलं. पण लग्न गुरुवारी होतं, आणि दिवाणखान्याच्या दारात उभी राहिलेली यलदा तिला डोळ्यांसमोर दिसत होती. तिने बूट काढले, जीव मुठीत धरला आणि उंबऱ्यात पाऊल टाकलं. आणि टाकता टाकता खणखणीत जाड आवाजात म्हणाली, "या अल्लाह!"

आता, परक्या घरात शिरताना पुरुषाने असं ओरडायचं असतं, म्हणजे आतल्या बायका डोकं झाकून घेतात. कूलरवाल्याला तर हे प्रत्येक जिन्यात, प्रत्येक गच्चीवर म्हणावं लागतं, कारण गच्चीवरून चार घरांची अंगणं दिसतात. गुलनारने ते वर्षानुवर्षं म्हटलं होतं. आता म्हणायची गरज उरली नव्हती, पण घाबरल्यावर जीभ जुन्या वाटेनेच गेली.

आत नुसती धांदल उडाली. कुणी स्कार्फ ओढला, कुणी दुसरीचाच ओढला, एक खिडकीच्या पडद्यामागे गेली, एक गाठोड्यातला टेबलक्लॉथ डोक्यावर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. अशरफ खानमची म्हातारी सासू तेवढी हलली नाही, या वयात मला कोण बघतोय असं म्हणत तिने आणखी एक बी फोडली. मग अशरफ खानम कंबरेवर हात ठेवून दारात आली. समोर उंच बाई, डोक्यावर स्कार्फ, हातात पर्स. तिने बाईच्या मागे वाकून पाहिलं. बाकीच्यांनीही माना लांब करून गुलनारच्या मागे पाहिलं.

"कोण होता तो?" अशरफ खानमने विचारलं. "कुठे गेला?"

गुलनारचं डोकं भराभर चाललं होतं. पाणीवाला होता, मजला चुकला, मी हाकलला. एवढं म्हटलं की काम भागलं असतं. सगळ्यांनी पाणीवाल्याला चार शिव्या घातल्या असत्या आणि तिला बस म्हटलं असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण असाच एक सोपा शब्द तिने एकदा त्या दुकानात उच्चारला होता आणि त्यातून तिला बायको आणि दोन मुलं झाली होती. त्या खोट्या कुटुंबाला सांभाळताना तिची पुरी दमछाक झाली होती. आज आणखी एक माणूस जन्माला घालायची तिची तयारी नव्हती.

"माणूस कुणी नव्हता," ती म्हणाली. "मीच म्हणाले. मी कूलरची कामं करते. आधी पुरुष म्हणून करायचे, तेव्हा घरात शिरताना म्हणावं लागायचं. आता नाही लागत. पण तुमच्या दारात इतकी भीती वाटली की तोंडातून निघून गेलं."

सगळ्यांना सगळं कळलं होतं. कोपऱ्यातली एक बाई उठली, पर्स उचलली आणि गुलनारला अंग चोरून वळसा घालत बाहेर पडली. जिन्यात तिच्या टाचांचा आवाज ऐकू येत राहिला, आणि गुलनारचे डोळे भरून आले. आपणही आता मागोमाग जावं, एवढंच तिला सुचत होतं.

म्हातारी सासू म्हणाली, "जाऊ दे तिला. कधी काही घेत नाही, नुसत्या घड्या मोडून जाते."

तेवढ्यात खोलीच्या मधोमध एका हिरव्या कापडातून गुदमरलेला आवाज आला. तिथे फरंगीस नावाची बाई उभी होती, म्हणजे तिचा निम्मा भाग उभा होता. ती हिरवा ड्रेस डोक्यातून घालताना ‘या अल्लाह’ झालं होतं. सगळ्या आपापली डोकी झाकायला धावल्या आणि ही दोन्ही हात वर केलेल्या स्थितीत तशीच अडकून राहिली होती.

"पुरुष नाही ना?" हिरव्या कापडाने विचारलं. "मग कुणीतरी मला बाहेर काढा. मी मरतेय इथे. ए दारातली, आवाज वरून येतोय तुझा, उंच आहेस ना? वरून धर."

गुलनार जागची हलेना. अशरफ खानमने तिला दंडाला धरून पुढे ढकललं. मग गुलनारने पर्स खाली ठेवली, गंजलेल्या नटाला हात घालावा तसा अंदाज घेतला, शिवण कुठे अडकलीय ते बोटाने चाचपलं आणि एका बाजूने हळूहळू ओढायला लागली. दोघी खालून फरंगीसला धरून बसल्या. ड्रेस सुटला तेव्हा फरंगीस लालबुंद होऊन बाहेर आली आणि सगळ्या खो खो हसत सुटल्या. कुणाकुणाचे स्कार्फ कधी उतरले ते गुलनारला कळलंच नाही. ती मोजून बघणार होती, ते राहूनच गेलं.

मग तिला स्कार्फ आणि कोट काढायला लावला. म्हातारीने विचारलं, बाई, तुझ्या बाह्या कुठे राहिल्या? त्यावर पुन्हा हशा. अशरफ खानमने एक गुलाबी ड्रेस दिला, त्यात ती लग्नाच्या केकसारखी दिसते असं ठरलं. जांभळ्याने चेहरा आजारी दिसला. फुलाफुलांचा घातल्यावर म्हातारी म्हणाली की आमच्या सोफ्याचं कापड असंच होतं. एवढी स्पष्ट मतं गुलनारने आयुष्यात ऐकली नव्हती, आणि गंमत म्हणजे तिला ती आवडत होती. दुकानातल्या त्या मुक्या नजरेपेक्षा हे शंभर पटीने बरं होतं.

शेवटी तिने बाजूला पडलेला हिरवा ड्रेस उचलला आणि अंगात घातला. तो सरळ खाली उतरला, खांद्यांवर बसला, कंबरेवर बसला, बाह्या मनगटापर्यंत आल्या. आरशातल्या बाईकडे गुलनार बघत राहिली. तिला आनंद झाला, इतका की हसावं की रडावं ते कळेना.

"तो माझा आहे," फरंगीस म्हणाली.

"तुझा? तुला तो सोडत नव्हता, मी ओढून काढला."

"महिन्याभरात मी बारीक होणार आहे."

"आमच्याकडे लग्न गुरुवारी आहे."

"खांदे बघ आधी तुझे. पहिल्या नाचात शिवण उसवेल."

"खांदे माझ्या बापाने दिलेत, उसवली तर मी शिवेन. तू उगाच महिनाभर उपाशी मरू नकोस."

हे आपणच बोललो यावर गुलनारचा विश्वास बसेना. फरंगीसने ड्रेसचा घेर धरला, गुलनारने कंबर धरली. मोटर पेलायची सवय असलेला हात, तो काय सुटतोय. खोलीत दोन पक्ष पडले. सासू गुलनारकडे, पडद्यामागची फरंगीसकडे, आणि एका ड्रेसला दोन गिऱ्हाइकं बघून अशरफ खानम चहा आणायला गेली ती गाणं गुणगुणतच. एवढ्यात यलदा आली. पूर्ण झालेल्या भुवया उंचावून तिने दारातून पाहिलं. खाला उघड्या डोक्याने, हिरव्या ड्रेसमध्ये, एका अनोळखी बाईशी कडाकडा भांडत होती. यलदा सरळ म्हातारीशेजारी जाऊन बसली आणि बिया सोलायला लागली.

शेवटी फरंगीसने घेर सोडला.

"घे बाई," ती म्हणाली. "पण केस वर बांध. तुझ्यात तेवढी मानच काय ती बरी आहे, ती झाकू नकोस."

संध्याकाळी तूबाकडे ड्रेस खुंटीला लटकत होता आणि यलदा आईला सगळी हकिगत साभिनय सांगत होती. तूबाला मात्र हसू येत नव्हतं. इतकी वर्षं धाकटीला आपले आखूड कपडे देताना तिच्या जिवाला काय वाटायचं ते तिचं तिलाच ठाऊक. तिने गुलनारला जवळ बसवलं आणि हळूच विचारलं की एकटी गेलीस, भीती नाही का वाटली?

"दारात वाटली. खूप वाटली," गुलनार म्हणाली. "आत गेल्यावर घाबरायला वेळच कुठे मिळाला, ताई? ती बाई माझा ड्रेस घेऊन चालली होती."