दगा आबांचा मंगळवार

आमच्या धुळ्याच्या कलासंग्रहालयातल्या अभिप्रायाच्या वहीत लोक 'अप्रतिम', 'डोळ्यांचे पारणे फिटले' असं काय काय लिहून जात. दर मंगळवारी मात्र तिथे एकच शब्द उमटे, 'शे'. म्हणजे, आहे. खाली सही, दगा.

खानदेशात दगा हे नाव गल्लोगल्ली सापडतं. पण सगळं जग आपल्यालाच दगा देणार, अशी अढळ श्रद्धा असलेला दगा एकच. भडगावजवळच्या गिरणाकाठच्या गावाहून ते एसटीने येत. तिकीट काढूनही कंडक्टरला विचारत, "गाडी धुळेच जास ना?" आणि पारोळ्याला खाली उतरून पाटी स्वतः वाचत. तिकीटखिडकीत मी बसलेलो. आबांची मिशी आधी आत येई, मागून आबा.

"काल कोन कोन उनथा?"

"काल सोमवार, आबा. सुट्टी असते."

"मंग त चोरेसले रान मोकळं!"

त्याला कारण होतं. आबांच्या शेतात नांगराला अडून काळ्या दगडाची देवी निघाली होती. गावाला देऊळ बांधायचं होतं. आबांनी मात्र "सरकारकडे जपून राहील, मी जामीन" म्हणून ती आमच्या हवाली केली. तेव्हापासून गावातली वाईट तोंडं म्हणत, दगानं देवी विकली. म्हणून ही हजेरी. आबा मूर्तीच्या कानामागे बोट घालत. तिथे त्यांच्याच नांगराच्या फाळाची खोक होती. ती लागली की वहीत 'शे'.

एकदा शिल्पकलेवर स्लाइड दाखवून व्याख्यान होतं. दिवे मालवले, नि परत लावले तेव्हा आबा देवीचं मनगट धरून उभे. "अंधारमा काय बी व्हस," म्हणाले. व्याख्याते तिथून पुढे कशावर बोलले ते त्यांनाही आठवत नसेल.

मग मुंबईच्या प्रदर्शनासाठी दीड महिना देवी मागितली गेली. आमचे साहेब म्हणाले, "म्हाताऱ्याला कळलं तर ट्रकपुढे आडवा पडेल." आमच्याकडे नुकतंच साचेकामाचं शिबिर झालं होतं. त्यातली देवीची प्लास्टरची नक्कल आम्ही चौथऱ्यावर चढवली आणि काळ्या बूटपॉलिशने अशी चमकवली, की खऱ्या देवीने पाहिलं असतं तर तिलाच न्यूनगंड आला असता.

मंगळवारी आबा आले. कानामागे बोट घातलं, काढलं. बोट काळं. हुंगलं.

"हाई आमनी नही. आमनी देवी कोठे शे?"

"आबा, तीच आहे. साफ केलीय," मी म्हणालो. डोळ्याला डोळा भिडवून म्हणालो. खोटं बोलण्यात माझा हात धरणारा तापीपासून गिरणेपर्यंत नव्हता.

आबा ओरडले नाहीत. दारातच मांडी घालून बसले. "आते गावमा काय तोंड दखाडू?" एवढंच पुटपुटले. संध्याकाळी साहेबांनी घाबरून खरं सांगितलं, परतीच्या तारखेचा कागद शिक्क्यानिशी दिला, तेव्हा कुठे उठले.

देवी परत आली त्या दिवशी आबांनी ट्रॅक्टरभर गाव आणलं. एकेकाचं बोट धरून कानामागची खोक दाखवली. लोक माना खाली घालून निघून गेले. आबा जिंकले होते. मी चहा पुढे केला. त्यांनी कप तसाच टेबलावर ठेवला.

"दगड खरा शे," म्हणाले. "तू खोटा निंघना."

त्यानंतरही ते दर मंगळवारी आले. माझ्याशी बोलले नाहीत. तीन वर्षांनी माझी जळगावला बदली झाली, तेव्हा मीच खिडकीतून बाहेर आलो. "आबा, जातो. जळगावला बदली झाली."

"हुकूम दखाड."

खिशातून काढून दिला. सरकारी टायपाशी त्यांचं जमेना, म्हणून मी वाचायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात आडवा केला. "तू नको."

दारावरच्या शिपायाला बोलावून त्यांनी तो हुकूम तारखेसकट दोनदा वाचून घेतला. मग नीट घडी घालून माझ्या हातात ठेवला आणि मूर्तीकडे निघून गेले.