पोस्टमनच्या कोटाची बटणं

शिंपीणबाई,

तुला पत्र लिहिणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. तू होतीस तेव्हाच तुला अक्षर दिसत नव्हतं, आता तर तू नाहीसच. तरी ऐक.

गाव तुला ओळखायचं ते लोकरीच्या कोटांमुळे. लोकर घरीच पिंजायची, कातायची, विणलेलं कापड गरम पाण्यात तुडवून घट्ट करायचं आणि मगच कात्री लावायची. कापडाला रंग देणं नाही. काळ्या मेंढीचं काळं, तपकिरी मेंढीचं तपकिरी. माप घेताना दटावायचीस, “पोट आत ओढू नकोस, कोटात ते बाहेरच येणार आहे!”

त्या दुपारी मी तुझ्याकडे बसले होते. पोस्टमननं नवा कोट चढवला, आरशात पाहिलं आणि हसत सुटला.

“काकू, माझा उजवा हात दुसऱ्या मेंढीचा का?”

एक बाही काळी, एक तपकिरी. शिवण मात्र नेहमीसारखी, बोटाला न लागणारी.

“मनिऑर्डर देणारा हात लांबून ओळखू यायला नको?” तू फाडकन म्हणालीस. “काढ तो. बाही बदलते. बटणंही आणायचीत अजून.”

तो हसत गेला. तू दोन्ही बाह्या आळीपाळीनं डोळ्यांशी धरून पाहत राहिलीस.

आतून सून म्हणाली, “आई, दिवा लावू का?”

भर दुपारी! तुझा चेहरा पांढराफटक पडला.

“वीज काय फुकट येते?” तू ओरडलीस, आणि माझं मनगट धरून कुजबुजलीस, “तिला कळलंय. आता कात्री काढून घेतील गं. सासूचे डोळे गेले तेव्हा मीच तिला खाटेवर बसवलं होतं. पडाल, हलू नका म्हणाले. मरेपर्यंत हलली नाही ती.”

मी म्हटलं, रडगाणं पुरे, शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. घरी सांगायचं, कोटाची बटणं आणायला चाललोय.

दुसऱ्या दिवशी बस आली, दार उघडलं. तुझा पाय पायरीवर चढेना.

“चढ की!” मी खेकसले.

“आज नको. डॉक्टरनं तोंडानं सांगितलं की मी आजपासून आंधळी. नाही सांगितलं तर अजून चार कोट होतील.”

कंडक्टर वैतागला, बस गेली. भिंत चाचपत तू घरी परतलीस. वाटेत कुणाची चाहूल लागली की हात झटकन पदराखाली. पुढच्या आठवड्यात नक्की, म्हणालीस. त्याआधीच तापानं तुला नेलं. कात्री उशीखाली सापडली.

बाही तेवढी तू बदलली होतीस. पोस्टमनला दाखवून खात्री केलीस म्हणे, थट्टेच्या नावाखाली. तो कोट अजून वापरतो, पुढून पिना लावून. विचारलं तर म्हणतो, “काकू बटणं आणणार होत्या ना तुमच्याबरोबर?”