रत्नामावशीचा लाल खडा

लग्नाच्या पंगतीत बसली तरी रत्नामावशी आधी वरण-भात बोटांनी पसरून त्यात खडा शोधायची. यजमानीण तोंड वाकडं करायची. मावशी म्हणायची, "दात पुन्हा उगवत नाही, माय."

अंबरपेठेत एका गुत्तेदाराचं गोदाम होतं. तो कंत्राटानं पलटणीला तूरडाळ पुरवायचा. आम्ही आठ-दहा बाया तिथं डाळ निवडायचो आणि मावशी आमची मुकादम. तिच्या सुपातून खडा सुटत नाही, हे सगळ्या अंबरपेठेला ठाऊक होतं. नसेल त्याला ती स्वतः सांगायची. मी नल्लकुंट्याहून तिच्याबरोबर चालत जायची. मला चारचौघांत बोलता येत नसे, म्हणून दोघींचं तीच बोलायची.

एकदा तिच्या सुपात पांढऱ्या रेघेचा लाल खडा निघाला. ती त्याच्याकडे बघतच राहिली. "याला मी मागच्या महिन्यात काढलं होतं," म्हणाली.

हमालाला विचारलं तर तो हसायला लागला. लष्कराचा साहेब तपासायला येई तेव्हा पुढं मांडायची चार पोती तेवढी आमची असायची. आम्ही काढलेले खडे वजन भरायला मागच्या पोत्यांत जात. आणि गुत्तेदार साहेबाला सांगे, "साब, पूरी डाल हमारी रत्नाबाई के हाथ की है." हे ऐकल्यावर मावशी दोन दिवस नीट जेवली नाही. पलटणीतली लेकरं आपल्या नावानं खडे चावतात, हेच तिच्या मनातून जाईना.

पुढच्या तपासणीला साहेबानं पुढची पोती बघून सगळ्या मालावर सही केली. नंतर त्याला जेवण असे आणि रांधायची मावशीच. तिनं मागच्या पोत्यातली डाळ काढून, न निवडता शिजवली. जन्मात पहिल्यांदाच. मी बघितलं आणि गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो तेवढाच.

दुसऱ्याच घासाला साहेबानं गाल धरला. मावशी वरणाची पळी घेऊन उभी होती. "साहेब, तुम्ही पास केली तीच वाढली," म्हणाली.

साहेबानं सगळा माल परत केला, गुत्तेदारानं मावशीला काढलं. पण आता सगळी पोती खरोखर निवडायची होती आणि मावशीवाचून आमचा हात चालेना. आठव्या दिवशी गुत्तेदार तिच्या दारात आला. तिनं एकच अट घातली. खडे तिच्या डोळ्यांदेखत मुशी नदीत टाकायचे. टोपल्या रिकाम्या होत होत्या तेव्हा गुत्तेदार सासरी निघालेल्या लेकीकडं बघावं तसा बघत होता.

पुढं भाषेप्रमाणं राज्याची वाटणी झाली. मावशीचा नवरा सरकारी कचेरीत शिपाई होता, त्याची बदली मराठी मुलखात, नांदेडला झाली. निघताना तिनं तो लाल खडा माझ्या हातावर ठेवला. तो तिनं नदीत टाकलाच नव्हता.

"मी चालले, गुत्तेदार इथंच आहे," म्हणाली. "याच्यावर लक्ष ठेव."

खडा माझ्या मिठाच्या बरणीखाली आहे. डाळ धुवायला घेतली की मी आधी बरणी उचलून बघते.